बांधाला लागलेला फार्म

आमच्या रानाला आणि फार्मला एकच बांध होता. बांधाच्या अलीकडं आमचा ऊस, भुईमुगाचं रान आणि विहीर. पलीकडं तारेचं कुंपण, त्यामागं सरळ ओळींत पेरलेली ज्वारी, मग पांढरी प्रयोगशाळा आणि शेवटी लाल कौलांची क्वार्टर्स. इस्लामपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावरचं ते गाव. मी लग्न होऊन आले तेव्हा अर्धं गाव शेतकऱ्यांचं होतं आणि अर्धं त्या संशोधन केंद्राचं. पण "संशोधन केंद्र" हे फक्त पाटीवर होतं, गाव त्याला फार्मच म्हणायचं.

फार्मची घंटा आठला वाजली की आमच्या आळीतल्या बायका चुलीवरचा तवा उतरवायच्या. क्वार्टर्समधल्या मंडळींना दूध आमच्या आळीतून जायचं आणि वजन करून झालेला कडबा फार्मवरून आमच्याकडं यायचा. कधी शाळेत न गेलेल्या बायकासुद्धा प्लॉट, लेबल, टरायल हे शब्द सहज बोलायच्या. "आवंदा माझ्या वांग्याची टरायल फेल गेली," असं आमची शेजारीण अगदी गंभीरपणे सांगायची.

मी साताऱ्याला थोरल्या बहिणीकडं राहून मॅट्रिक झाले होते. तिचे यजमान कचेरीत कारकून होते. लग्न झालं आणि महिन्याभरात माझा नवरा रजा संपवून पलटणीत परत गेला, मग वर्षातून एकदाच रजेवर यायचा. घरात आम्ही तिघं राहिलो. सासूबाईंना मी आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा. मामाही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी महायुद्धात ते इटलीपर्यंत जाऊन आले होते. गावात कुणी त्यांना नावानं हाक मारत नसे, सगळ्यांचे ते "हवालदार".

फार्म झाला तेव्हा मामांची सहा एकर काळी जमीन त्यात गेली. माझ्या लग्नाच्या आठ-नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. तेव्हापासून त्यांनी फार्मच्या फाटकात पाऊल टाकलं नव्हतं. विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे मोटेचं पाणी पडतं त्या दगडी कुंडावर, बसायचे तेसुद्धा पलीकडं पाठ करून. त्या जमिनीबद्दल घरात बोलायचं नाही, हे मला आत्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं.

पण पाणी शेंदायला गेले की मला तिकडं बघितल्याशिवाय राहवायचं नाही. हिवाळ्यात ज्वारी निसवली की एका वाणाचे पराग दुसऱ्यावर पडू नयेत म्हणून तिच्या कणसांवर कागदी पिशव्या चढायच्या. ओळीच्या ओळी टोप्या घालून उभ्या. त्यांच्यामधून एक बाई वही घेऊन फिरायच्या. तिशीच्या असतील, पुण्याच्या, एकट्याच क्वार्टरमध्ये राहायच्या आणि फार्मभर सायकलवर हिंडायच्या. त्यांच्या दारावरच्या पाटीवर नावाआधी "डॉ." लिहिलेलं होतं, त्यामुळं गावातली माणसं तापानं फणफणलेली पोरं घेऊन त्यांच्या दारात जायची.

"अहो, मी झाडांची डॉक्टर आहे," असं त्या हात जोडून सांगायच्या आणि फार्मच्या जीपमधून पोराला इस्लामपूरच्या दवाखान्यात पाठवून द्यायच्या. एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग बाई, झाडाला ताप आला तर नाडी कुठं बघता?" बाईंनी त्याला रानात नेलं आणि ज्वारीचं पान उलटं करून भिंगातून त्यावरचे ठिपके दाखवले. तो म्हातारा पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगत होता.

माझी आणि बाईंची ओळख विहिरीवरच झाली. मी धुणं वाळत घालून पुडीचा कागद वाचत बसले होते. पलीकडून आवाज आला, "वाचता येतं तुला?"

"मॅट्रिक झालेय," मी पदर सावरत म्हणाले.

"अक्षर कसं आहे?"

बाईंनी तारेमधून पत्र्याची एक पट्टी आणि रंगात बुडवलेला ब्रश माझ्या हातात दिला. मी दगडावर पट्टी ठेवून त्यांनी सांगितलेला आकडा लिहिला. त्यांनी तो लांब धरून बघितला. लेबलं लिहिणारा माणूस बदलून गेलाय, नवा नेमला जाईना आणि तात्पुरत्या आलेल्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागेना, असं त्यांनी सांगितलं. "उद्यापासून येशील का?"

मी संध्याकाळी भीत भीत घरात विषय काढला. आत्या भाकरी थापत होत्या, त्यांचे हात तिथंच थांबले. मामांनी मान वर न करता म्हटलं, "माज्याच रानात माजी सून रोजानं जानार व्हय?"

विषय तिथंच संपला. मला राग आला नाही असं नाही, पण त्यांच्या आवाजात राग नव्हताच. दुखऱ्या जागी कुणी बोट ठेवावं तसा तो आवाज होता. बाईंना मी दुसऱ्या दिवशी "जमणार नाही" एवढंच सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

पुढच्या वर्षीची गोष्ट. फार्ममध्ये गेलेल्या त्या जमिनीत एका लिंबाखाली आमचा म्हसोबा होता, शेंदूर लावलेला दगड. फार्मवाल्यांनी तो हलवला नव्हता. दर अवसेला मामा त्याला नारळ आणि निवद घेऊन जायचे, पण फाटकातून नव्हे. विहिरीच्या मागं एका खांबाच्या खालच्या दोन तारा त्यांनी सैल करून ठेवल्या होत्या. त्या वर उचलायच्या, वाकून आत जायचं, निवद ठेवायचा, परत यायचं आणि तारा पुन्हा खिळ्यात अडकवायच्या. निवदाचं ताट कुंपणापर्यंत मीच नेऊन द्यायची, त्यामुळं हे मला ठाऊक होतं. घराबाहेर कुणाला नव्हतं. दिवाळीच्या अवसेलाही ते असेच जाऊन आले.

दिवाळीनंतर आटपाडीकडचे मेंढके यायचे. तिकडं चारा-पाण्याची ओढाताण, म्हणून मेंढरं घेऊन ती माणसं आमच्या बाजूला उतरायची. मोकळ्या रानात मेंढरं बसवली की लेंडीखताचं जमिनीला बळ मिळतं. मामांकडं दर वर्षी एकच जोडपं यायचं, पागोटं बांधलेला उंच मेंढका आणि हातभर बांगड्या घातलेली त्याची बायको. त्या वर्षी त्यांची मेंढरं आमच्या भुईमूग काढलेल्या रानात बसली होती.

सकाळी नुकतं उजाडलं होतं. मी घागर घेऊन विहिरीवर पोचते तोच मेंढकीची हाक ऐकू आली. वाघरातनं, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीतनं, मेंढरं बाहेर पडली होती आणि कुंपणाच्या खालच्या तारा नीट अडकवलेल्या नव्हत्या. अर्धा कळप बाईंच्या ज्वारीत शिरला होता. ज्वारी तेव्हा गुडघ्याएवढी. मेंढरांनी शेंडे खाल्ले, ओळी तुडवल्या आणि पत्र्याची लेबलं लावलेल्या खुंट्या अंगानं पाडल्या. मेंढका आणि त्याची बायको हाका मारून मारून त्यांना बाहेर काढत होते. फार्मचा राखणदार काठी घेऊन धावत आला. "कोंडवाड्यात घालतो समदी!" असं तो ओरडत होता, तेवढ्यात एक मेंढी पुढच्या गुडघ्यांवर बसली आणि आडवी झाली. मग दुसरी.

कोवळी ज्वारी जनावराला विषारी असते. पाणी कमी मिळालेली असेल तर फारच. आमच्याकडं त्याला किराळ लागणं म्हणतात. तोंडाला फेस येतो, पाय ताठतात आणि बघता बघता जनावर जातं. मेंढकीनं खाली बसून मेंढीचं डोकं मांडीवर घेतलं. मेंढका नुसता उभा होता. त्याचा सगळा संसार त्या रानात थरथरत होता.

मी घागर टाकली आणि कुंपणाच्या त्याच फटीतून आत शिरून धावत सुटले ती बाईंच्या दारात. "बाई, मेंढरांना किराळ लागली!"

बाई केस विंचरत होत्या. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तशाच अनवाणी प्रयोगशाळेत गेल्या आणि पांढऱ्या खड्यांची एक मोठी बरणी काढली. "हायपो आहे," त्या म्हणाल्या, "फोटो धुवायला वापरतात तो. ज्वारीतल्या विषावर चालतो असं वाचलंय. पाजून कधी बघितलेलं नाही." आम्ही दोघींनी बादलीत ते खडे विरघळवले आणि दोन्हीकडून बादली धरून रानात नेली.

तोवर मामाही आले होते. ते, मेंढका आणि मघाशी ओरडणारा राखणदार, तिघांनी एकेक मेंढरू धरलं, बांबूच्या नळीनं ते पाणी पाजलं. आत्यांनी घरातून गूळपाणी कालवून आणलं. कोण कुणाचं, कुणाच्या रानात, याची कुणालाच शुद्ध नव्हती. तीन मेंढरं गेली. बाकीची तासा-दीड तासानं उठून उभी राहिली, तेव्हा मेंढकी पदरात तोंड घालून रडायला लागली. मेंढका बाईंच्या पायांना हात लावायला वाकला आणि म्हणाला, "तुमी झाडाच्या डाक्तर म्हनत हुता न्हवं?"

"आज बढती मिळाली," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच त्यांनी आपल्या प्लॉटकडं बघितलं. बघत राहिल्या. मग ओळीच्या टोकाला जाऊन खाली बसल्या. ज्वारी पुन्हा फुटली असती, तिचं त्यांना काही नव्हतं. पण खुंट्या गेल्या होत्या. दोन वर्षं निवडून निवडून आणलेल्या बियांच्या त्या ओळी, आणि आता कुठली ओळ कशाची ते सांगायला जागेवर काही नव्हतं.

राखणदार पुन्हा मेंढक्याकडं वळला. "ह्येची मेंढरं. ह्येचं नाव लिव्हा, बाई."

मी मामांकडं बघितलं. तारांचं मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. मी काही बोलणार नव्हते. सुनेनं चारचौघांत सासऱ्याविरुद्ध बोलायचं धाडस माझ्यात नव्हतं, हे मी आज कबूल करते.

मामांनी डोक्यावरचा फेटा नीट केला आणि पलटणीत उभं राहावं तसे बाईंपुढं ताठ उभे राहिले.

"त्येचं नाव लिवू नका. खालच्या तारा मी सैल केल्यात. देवाला जायला फाटकातनं यायची मला लाज वाटती, म्हनून. अवसेला अडकवायच्या इसरलो. चूक माजी हाय."

बाई उठल्या. मग त्यांनी विचारलं, "ही जमीन तुमची होती ना?"

"व्हय."

"मग तुम्हीच मला मदत करा. नकाशा माझ्या वहीत आहे. ओळींची लांबी, दोन ओळींमधलं अंतर, सगळं. पण सुरुवात नेमकी कुठून केली होती, तो खुंट सापडत नाही."

"सापडंल," मामा म्हणाले. "दोरी हाय का?"

पुढचे चार दिवस मामा त्या रानात होते. शाबूत राहिलेल्या ओळींची टोकं आणि लिंबाचं झाड धरून त्यांनी पहिल्याच दिवशी तो खुंट शोधला. पलटणीत त्यांनी तंबू ठोकले होते, खंदक आखले होते, त्यामुळं दोरी, मेख आणि काटकोन त्यांच्या अंगात मुरलेला होता. मेंढका दोरीचं दुसरं टोक धरायचा. बाई वहीतून वाचायच्या. आणि लेबलं लिहायला मी. मला कुणी ये म्हटलं नाही आणि नको असंही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी आत्यांनी मामांच्या, मेंढक्याच्या आणि माझ्याही भाकऱ्या एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या, तेव्हा मला कळलं की मीही जायचंय.

तिसऱ्या दिवशी आम्ही खालच्या कोपऱ्यात पोचलो. तिथली ज्वारी मेंढरांनी खाल्ली नव्हती, पण ती मुळातच खुरटी होती आणि पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या.

"हे सात नंबरचं वाण," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षीही इथंच होतं, असंच पिवळं पडलं होतं. माझी फार आशा होती त्याच्यावर. या वर्षी असंच राहिलं तर काढून टाकणार."

मामा उकिडवे बसले, मातीचं ढेकूळ फोडून तळहातावर चोळलं आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"बाई, ह्यात ज्वारीचा दोष न्हाई. हितं माज्या आज्याची चुन्याची भट्टी हुती. गावातली देवळं त्या चुन्यानं बांदली. ह्या कोपऱ्यात काय बी पेरा, पिवळंच पडतंय. आमी हितं कवाच ज्वारी घेतली न्हाई, नुसती कडब्याची गंज रचायचो."

बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. "मी सगळ्या रानाची माती तपासली," त्या हळूच म्हणाल्या, "पण चार ठिकाणची. हा कोपरा नाही घेतला."

"मग इचारायचं न्हाई व्हय कुनाला?"

"कुणाला विचारणार? तुम्ही तर पाठ करून बसत होता."

मेंढका खो-खो हसला. मामाही ओशाळून हसले.

त्या दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना बाईंनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. शिक्षणासाठी त्या वर्षभर फ्रान्सला होत्या, पॅरिसपासून जवळच्या एका गावात. तिथंही एका बाजूला मोठाल्या प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला गव्हाची आणि साखरेच्या बीटाची शेतं. त्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहायच्या. त्याचीही जमीन प्रयोगशाळेसाठी गेली होती. तो दर रविवारी त्यांना कुंपणाच्या कडेकडेनं फिरवायचा आणि आत कुठं पाणी साचतं, कुठं दगड लागतो ते बाहेरूनच काठीनं दाखवायचा.

"त्यो त्या साहेब लोकांशी बोलायचा का?" मामांनी विचारलं.

"बोलायचा की. रोज भांडायचा."

"मग बरं हाय," मामा म्हणाले आणि कांदा फोडला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मी इटलीत हुतो. तितं बी मानसं अशीच हुती. आपल्यावानीच लय बोलनारी." एवढ्या वर्षांत युद्धाबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

चौथ्या दिवशी शेवटची मेख ठोकून झाली. बाईंनी मामांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "देवाला फाटकातून येत जा. राखणदाराला मी सांगून ठेवते."

मामांनी मान डोलावली. मग माझ्याकडं न बघता बाईंना म्हणाले, "हिचं अक्षर बरं हाय का?"

"फार चांगलं आहे."

"मग येईल उद्यापासनं. आट वाजता येईल."

मी तिथं लागले आणि पुढं केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिले. आधी लेबलं, मग नोंदवह्या, मग पिशव्या बांधणाऱ्या बायकांवर देखरेख. मधल्या काळात बाईंनी मला बाहेरून परीक्षा द्यायला लावल्या. संध्याकाळी त्यांच्या व्हरांड्यात बसवून त्या मला इंग्रजी शिकवायच्या. चुकलं तर रागवायच्या नाहीत, पुन्हा विचारायच्या, आणि ते जास्त अवघड जायचं.

सात नंबरचं वाण पुढच्या वर्षी वरच्या रानात लावलं तेव्हा छातीएवढं झालं आणि दाणा टपोरा आला. बाई त्या दिवशी सायकलवरून आमच्या घरी मामांना सांगायला आल्या. पण त्यानंतरच्या वर्षी त्यावर खोडमाशी इतकी पडली की ते सोडून द्यावं लागलं. "असंच असतं," बाई म्हणाल्या, "दहा धरायची, नऊ सोडायची." मामांना मात्र फार वाईट वाटलं. कुणाचं पोर परीक्षेत नापास व्हावं तसं त्यांना झालं.

मेंढक्याच्या मेलेल्या तीन मेंढरांच्या बदल्यात मामांनी पुढच्या हंगामात आमच्या गोठ्यातली एक दुभती शेळी त्याच्या बायकोला दिली. ती नको म्हणत होती. "घ्या," मामा म्हणाले, "न्हाईतर पुढल्या सालाला मला तोंड दाकवाय येनार न्हाई." ती दोघं आणखी बरीच वर्षं आली, दर वेळी बाईंना लोकरीचं काहीतरी द्यायची. बाईंच्या क्वार्टरमध्ये जेनांचा, म्हणजे जाड लोकरी बैठकींचा, आणि घोंगड्यांचा ढीग झाला होता.

तीन-साडेतीन वर्षांनी बाईंची बदली झाली. मामा त्यांना इस्लामपूरच्या स्टँडपर्यंत सोडायला गेले, स्वतःच्या बैलगाडीतून, सामानासकट. मला त्या दिवशी फार्मवर काम होतं. बाईंनीच सांगितलं होतं, रडायला येऊ नको, नोंदी चुकतील.

मी आज ज्यांची आठवण काढते त्यांत बाई आहेत, मामा आहेत, तो मेंढका आहे. पण सगळ्यात जास्त आठवतात आत्या. मी आठला कामावर पोचावं म्हणून पाचला उठून चूल पेटवणाऱ्या त्याच. माझा मुलगा लहान असताना त्याला काखेत घेऊन विहिरीवर यायच्या, मी तारेजवळ जाऊन त्याला पाजायची आणि परत कामाला जायची. मी तिथं नेमकं काय करते, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदाच, सुगीच्या दिवसांत, त्या भाकरी घेऊन फार्मवर आल्या. मी त्यांना ओळीतून फिरवलं. एका खुंटीपाशी त्या थांबल्या आणि पत्र्याच्या पट्टीवरच्या अक्षरांवरून त्यांनी हळूहळू बोट फिरवलं.

"ह्ये तू लिव्हलंस?"

"व्हय, आत्या."

"वाऱ्यापावसात टिकंल न्हवं?"

"टिकंल."

पलीकडच्या ओळीत गावातल्या बायका पिशव्या काढत होत्या. आत्यांनी तिथूनच मोठ्यानं हाक मारून त्यांना बोलावलं, "अगं, हिकडं या, बघा तरी. आमच्या सुनंचं अक्षर हाय ह्ये." त्या सगळ्यांनी ते अक्षर रोजच पाहिलं होतं, पण हातातलं काम टाकून त्या आल्या आणि पहिल्यांदाच बघत असल्यासारख्या खुंटीभोवती उभ्या राहिल्या.